चौदा कोर

कॉम्प्युटरची मशीन नांदेडहून लातूरला आली ती काळीपिवळी जीपमधून, जुन्या गोधडीत गुंडाळून. ड्रायव्हरनं आणि खालच्या किराणावाल्यानं मिळून ती जिन्यानं वर चढवली आणि अप्पांच्या पलंगाशेजारी टेकवली. अंबिकाच्या आईनं, कावेरीबाईंनी, तिला हळदीकुंकू वाहिलं. अंबिका दाराच्या चौकटीला टेकून बघत होती. गोधडी सोडायच्या आधीच तिला कळलं होतं, की आपण सांगितलेलं भावानं पाठवलेलं नाही, त्याच्या मनातलं पाठवलंय.

"चौदा कोर हायत, अंबू! चौदा!" शिवशंकर फोनवर खुशीत होता. "आमच्या क्लासच्या ऑनलाइन परीक्षा ह्याच्यावरच चालायच्या. पोरांचा कळप एकदम बसायचा. अप्पानं काढलेली लग्नं काय, झोपेत चालवंल."

"आण्णा, मी तुला दुसरा प्रोसेसर सांगितला होता. चार कोरचा."

"आगं, चारनं काय हुतंय? बापासाठी घ्यायचं तर दांडगं घ्यावं."

"कोर किती, ते इथं कामाचं न्हाई. त्याच्यात व्हिडिओची सोय आतूनच असाय पाहिजे. ह्याच्यात ती न्हाई."

"बघ की तू जरा. तू घरीच तर असतीस."

घरीच असणं हा आता तिचा पत्ता झाला होता, नोकरी झाली होती आणि कुणालाही काही सुचेनासं झालं की ते तिच्यावर टाकायचं कारणही.

अप्पा म्हणजे शिवमूर्ती. उदगीर, देवणी, पार भालकीपर्यंतच्या लग्नांत त्यांचा कॅमेरा असे. मांडवात भटजी उशिरा आला तर चालायचं, शिवमूर्ती व्हिडिओवाले आले नाहीत तर मुहूर्त थांबवायचे. त्यांनी स्वतःचं एकही चित्रण कधी पुसलं नाही. लोक लग्नाची सीडी हरवून बसले, घटस्फोट घेऊन बसले, पण मूळ चित्रण अप्पांच्या कपाटात शाबूत. अंबिकानं नोकरीला लागल्यावर सुट्ट्यांमध्ये बसून त्या सगळ्या कॅसेटी हार्ड डिस्कवर उतरवून दिल्या होत्या.

मग अप्पांना लकवा मारला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. उपचार लातूरला, म्हणून उदगीरचं घर बंद करून दवाखान्याजवळ दोन खोल्या घेतल्या. अंबिका हैदराबादहून पंधरा दिवसांची रजा काढून आली. रजा संपली तेव्हा कंपनीनं घरून काम करू दिलं. वर्षभरानं कंपनीनं सगळ्यांना परत बोलावलं. सगळे गेले. अंबिका गेली नाही, कारण कावेरीबाईंच्यानं अप्पांना एकटीनं कुशीवर वळवणं होत नव्हतं. कंपनीचा लॅपटॉप तिनं कुरियरनं परत पाठवला.

पण तो पाठवायच्या आधी एक गोष्ट घडली होती. ती अप्पांच्या खोलीत बसून डिस्कवरचं चित्रण तपासत होती. देवणीकडचं एक लग्न चाललं होतं. हळदीच्या वेळी नवरीच्या चेहऱ्यावरचा उजेड एकदम ढळला आणि पलंगावरून आवाज आला,

"मलप्पा! लाईट!"

मलप्पा म्हणजे अप्पांचा जुना हॅलोजन धरणारा माणूस. झटक्यानंतर अप्पा नुसते घशातून ओरडायचे, ताट भिरकवायचे. हे त्यांचे पहिले दोन शब्द. कावेरीबाई स्वयंपाकघरातून पिठाच्या हातांनी धावत आल्या आणि उंबऱ्यातच बसून रडल्या.

वाचा-उपचाराच्या बाई म्हणाल्या, "हेच औषध समजा. रोज दाखवा. आणि रिमोट त्यांच्या हातात द्या. काय बघायचं ते त्यांनीच ठरवायचं."

सांगायला सोपं होतं. तीस वर्षांत अप्पांनी कॅमेरे बदलले, आणि प्रत्येक कॅमेऱ्याची चित्रण साठवायची तऱ्हा वेगळी. भिंतीवरच्या टीव्हीला त्यातलं निम्मं समजतच नव्हतं. सगळं एकदाच बदलून ठेवायचं तर डिस्का दुप्पट लागणार, आणि अप्पांना आज कुठलं लग्न आठवेल याचा नेम नाही. म्हणून घरात एक सर्व्हर हवा होता. रिमोटवर लग्न निवडलं की त्यानं ते त्याच घडीला टीव्हीला कळेल अशा रूपात बदलून पुढं सरकवत राहायचं. ट्रान्सकोडिंग म्हणतात ते हेच. काही प्रोसेसरांत तेवढ्या कामापुरता वेगळा भाग असतो. तो हे काम थंड डोक्यानं, थोड्या विजेत करतो. तसा भाग नसेल तर सगळे कोर जुंपून नुसत्या अंगबळावर रेटावं लागतं.

शिवशंकरची मशीन अंगबळवाली होती.

तरी तिनं ती लावली. डिस्का जोडल्या, फुकट मिळणारं सॉफ्टवेअर घातलं, लग्नांना गावांची आणि घराण्यांची नावं दिली. पहिल्या दिवशी अप्पांनी डाव्या हातानं रिमोट दाबला, पडद्यावर उदगीरच्या एका अडत्याच्या पोरीचं लग्न सुरू झालं आणि ते तोंड वाकडं करून हसले. त्या एका हसण्यासाठी अंबिकानं मशीनचे सगळे गुन्हे माफ केले. पण मशीन रोज नवे करत गेली.

तिचे पंखे पिठाच्या गिरणीसारखे घुमायचे. एप्रिल लागला तशी खोली तापायला लागली. कूलरचा गारवा मशीन पिऊन टाकायची. लाईट गेली की इन्व्हर्टर बघता बघता मान टाकायचा, मशीन धाडकन बंद पडायची, आणि परत लाईट आली की अंबिकानं खाली बसून डिस्का तपासून ती उठवावी लागायची. तोवर अप्पा डाव्या हातानं स्टीलचा पेला पलंगाच्या दांडीवर बडवत राहायचे. ठण, ठण, ठण.

त्यात शिवशंकरनं सर्व्हरची लिंक पै-पाहुण्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकली. 'अप्पांची सगळी लग्नं आता मोबाईलवर!' मग काय विचारता. भालकीची मावशी तिचं स्वतःचं लग्न बघायला बसली. निलंग्याची आत्या बिदाई परत परत लावून रडायला लागली. पुण्याचे चुलते गाडीत बसून बघायचे. प्रत्येकाचा मोबाईल वेगळा, प्रत्येकाचं नेट वेगळं, आणि मशीन प्रत्येकासाठी वेगळं चित्रण बदलत बसायची. चौदाच्या चौदा कोर धापा टाकायला लागले की अप्पांच्या टीव्हीवर नवरा हार हातात धरून तसाच थिजून राहायचा. ठण, ठण, ठण.

तिनं पाहुण्यांचे रस्ते बंद केले. संध्याकाळपर्यंत आत्याचा फोन आला. "अंबिके, आम्हाला तोडलंस का गं?" कावेरीबाईंनी समजूत घातली. "दे गं बाई सुरू करून. तेवढंच त्यांना अप्पा जवळ हाय असं वाटतंय." तिनं दिलं सुरू करून.

आता तिला घराबाहेर पाय टाकता येईना. आधी निदान भाजी आणायला जाता यायचं. आता बाजारात मेथीची जुडी हातात घेतली की फोन वाजायचा, "अंबू, अडकलं बघ." मेथी तिथंच ठेवून ती माघारी. जिना चढताना पेल्याचा आवाज ऐकू यायचा. एकदा ती चढता चढता मधल्याच पायरीवर थांबली. वर जावं वाटेना, खाली जायला ठिकाण नव्हतं. भिंतीच्या जाळीतून समोरच्या इमारतीवरची वाळत घातलेली पांढरी चादर तेवढी दिसत होती. ती चादर बघत तशीच उभी राहिली. शेवटी आईनं वरून हाक मारली.

मे महिन्यात हैदराबादच्या एका कंपनीनं तिला मुलाखतीसाठी विचारलं. व्हिडिओवर, दुपारी. तिनं आईला सगळं समजावून सांगितलं. अप्पांना आवडणारं लग्न आधीच लावून दिलं. आतल्या खोलीत मोबाईल गव्हाच्या डब्यावर टेकवून, दार ओढून बसली.

पलीकडे दोघं जण होते. प्रश्न सोपे होते. तिला उत्तरं येत होती, आणि बोलता बोलता आपला जुना आवाज परत आलाय असं तिला वाटायला लागलं. तेवढ्यात मशीनचे पंखे चढले. भालकीला किंवा निलंग्याला कुणीतरी जेवून निवांत झालं होतं. मग पेला वाजला.

"तुमच्याकडे काही बांधकाम चाललंय का?" पलीकडच्यानं विचारलं.

"नाही... हो. माफ करा." तिनं आवाज बंद केला, चालू केला. पेला थांबेना. दारावर आईची थाप पडली. "अंबू, अगं लई तापलेत गं, ऐकंनात. एक मिनिट ये."

"एक मिनिट," ती मोबाईलला म्हणाली.

मशीन उठवून, अप्पांच्या हातातून पेला सोडवून, चादरीवर सांडलेलं पाणी पुसून ती परत आली तेव्हा पडद्यावर कुणी नव्हतं. एक निरोप होता, पुन्हा कधी वेळ ठरवू. ती वेळ त्यांनी ठरवली नाही.

त्या रविवारी ती सकाळच्या बसनं नांदेडला गेली. खालच्या मजल्यावरच्या लुंबिनीताईंना आईच्या सोबतीला बसवलं. मशीनमधून तिनं प्रोसेसर काढून घेतला होता आणि रुमालात बांधून पर्समध्ये ठेवला होता. शिवशंकरच्या घरी, तिसऱ्या मजल्यावर, चहाच्या कपाशेजारी तिनं तो रुमाल सोडला.

"हे काय?"

"तुझे चौदा कोर. परत घे."

शिवशंकर फिजिक्स शिकवायचा. डॉक्टर व्हायला निघालेल्या पोरांच्या बॅचा सकाळपासून अंधार पडेपर्यंत. रविवारीही त्याच्या शर्टाच्या बाहीला मार्करची शाई लागलेली होती. तो त्या चपट्या तुकड्याकडे बघत राहिला.

"चालत न्हाई का?"

"चालतो. मी पुरत न्हाई त्याला. घरात एक माणूस आधीच हाय ज्याच्यापसून हलता येत न्हाई. तू दुसरं आणून बसवलंस."

"मी चांगल्यासाठीच केलं, अंबू."

"मी एवढं नाव लिहून पाठवलं होतं तुला. ते तरी वाचलंस का?"

बबिता, त्याची बायको, ओट्यापाशी पोहे परतत होती. पाठमोरीच म्हणाली, "वाचलं होतं त्यांनी. दुकानात जाऊन बघून पण आले. येऊन म्हणले, एवढुसा डबा पाठवायचा व्हय बापाला? लोक काय म्हणतील."

"लोक न्हाई," शिवशंकर एकदम बोलला. "मला येता येत न्हाई. परीक्षा झाली की नवी बॅच. आलो तरी त्या खोलीत मला बसवत न्हाई, अप्पा बघतात माझ्याकडं अन् ओरडतात. म्हणून म्हणलं, माझ्याकडून तिथं काहीतरी दांडगं असावं. मी आलो न्हाई तरी."

अंबिकाला त्याचा राग यायला हवा होता, आणि आलाही, पण सोबत आणखीही काही आलं. लहानपणी उदगीरच्या किल्ल्यात ती वाट चुकली तेव्हा हाच रडला होता, ती नाही.

"तीन महिने अप्पांना इकडं आण," ती म्हणाली.

"तिसऱ्या मजल्यावर? लिफ्ट न्हाई. कसं आणू?"

खरं होतं. ती स्वतः आत्ताच तो जिना चढून आली होती. पोहे आले. तिघांनी खाल्ले.

दुपारी ती एकटीच बाजारात गेली. नरसिंग म्हणून दुकानदार होता, कॉलेजात तिच्या पुढच्या वर्गात होता. त्यानं आधी सहा कोरचा एक काढून दाखवला. "हा घेऊन जा. स्वस्तात बसतोय, पळतो पण जोरात."

तिनं खोक्यावरचा आकडा वाचला. शेवटी एफ अक्षर होतं. "एफ नको. एफ म्हणजे आतलं ग्राफिक्स काढून टाकलेलं. मला तेच पाहिजे."

"मग हा आय-थ्री. चारच कोर बरं का. नंतर म्हणशील, कमी पडला."

"एकाच वेळी पाच-सहा जण लग्नं बघणार. त्यातली बरीच जुनी. एवढ्याला त्याचा व्हिडिओचा भाग पुरून उरंल. अन् विजेला?"

"विजेला काय, एखादा बल्ब लावून ठेवल्यासारखं. पंखा फिरतोय का नाही ते वाकून बघावं लागंल."

"तोच दे. आणि ह्याला चालणारा बोर्ड अन् रॅम. जुनं बसणार न्हाई."

नरसिंग खोकं बांधता बांधता म्हणाला, "घरीच असतीस ना हल्ली? जपशील नीट."

"मी नसले तरी चालला पाहिजे," ती म्हणाली. म्हणून गेल्यावर तिचं तिलाच ते ऐकू आलं. इतके दिवस आपण निवडत होतो ते काय, हे तिला त्या गल्लीत, कूलरच्या जाळ्यांच्या ढिगाशेजारी उभं असताना समजलं. तिला भीती वाटली. तिनं पिशवी उराशी धरली आणि बसस्टँडकडं चालायला लागली.

नवा प्रोसेसर त्याच जुन्या डब्यात बसला. चालू केल्यावर कावेरीबाईंनी विचारलं, "लागला का गं? आवाज येईना." टीव्हीवर लग्न सुरू झालं तेव्हा खोलीत पहिल्यांदाच सनईचा सूर नीट ऐकू आला. मशीन होती की नव्हती अशी होती. लाईट गेली तरी इन्व्हर्टरवर तासन्‌तास लग्नं लागत राहिली. फार वेळ लाईट नसली तर मशीन आपली आपण नीट बंद व्हायची आणि लाईट आली की आपली आपण उठायची; तेवढी व्यवस्था अंबिकानं करून ठेवली. भालकी, निलंगा, पुणे, सगळे एका वेळी बघत होते आणि अप्पांच्या टीव्हीवरचा नवरा अडखळत नव्हता. पेला पाणी प्यायच्या कामाला लागला.

पहिल्या मोकळ्या दुपारी तिला काय करावं ते कळेना. ती दाराशी जाऊन उभी राहिली, परत आली. मग बाजारातून मेथी आणली आणि येताना फोन वाजला नाही म्हणून घाबरून झपाझप चालत घरी आली. घरी सगळं ठीक होतं. अप्पा टीव्हीकडं बोट दाखवून "मामा" म्हणत होते, आणि आई नवरीच्या मामाचं नाव सांगत होती.

"आता कसं झाक झालं," रात्रीच्या भाकऱ्या थापत कावेरीबाई म्हणाल्या. "अप्पा बोलायलेत, मशीन बसली. आता तुला कुठं जायची गरजच न्हाई बघ."

अंबिका आईच्या हातांकडं बघत राहिली. भाकरी गोल फिरत होती. आईच्या आवाजात खोट काही नव्हती. तिला खरंच वाटत होतं, की पोरीसाठी हीच चांगली बातमी आहे.

"आई, मी परत अर्ज करायलेय."

भाकरी थांबली. "कुठं?"

"हैदराबादला."

"अन् ह्यांना कुशीवर कोण वळवंल?"

ह्या प्रश्नाला प्रोसेसर पुरणार नव्हता. त्याचं उत्तर शोधायला पावसाळा गेला. दवाखान्यातल्या आयाबाईंनी किल्लारीकडची साखराबाई म्हणून एक धट्टीकट्टी बाई मिळवून दिली. पहिल्या आठवड्यात अप्पांनी तिच्या अंगावर ताट फेकलं. तिनं ताट उचललं, परत वाढलं आणि म्हणाली, "फेका की. माझा सासरा याच्यापेक्षा लांब फेकायचा." दुसऱ्या एका कंपनीनं अंबिकाला घेतलं, तेव्हा तिनं एकदा रुजू व्हायची तारीख पुढं ढकलली, कारण अप्पांना ताप आला. कंपनीनं ऐकलं. दुसऱ्यांदा ढकलायचा विचार मनात आला त्या दिवशी तिनं आधी शिवशंकरला फोन लावला.

"आण्णा, विचारत न्हाई, सांगायलेय. एक तारखेपसून मी हैदराबादला. महिन्यातले दोन रविवार तू लातूरला."

"रविवारी टेस्ट असती अंबू. मी कसं..."

मागून बबिताचा आवाज आला, "जातील ते. मी पाठवते."

निघायच्या सकाळी शिवशंकर आला होता. तो अप्पांच्या पायाशी खुर्चीत बसला होता, दवाखान्यात नंबर लागायची वाट बघावी तसा, हात मांड्यांवर ठेवून. अप्पांनी त्याच्याकडं बघितलं नाही, पण ओरडलेही नाहीत. टीव्हीवर कुठल्यातरी गावची वरात चालली होती. साखराबाई गरम पाण्याचं भांडं घेऊन आत-बाहेर करत होती.

अंबिकानं पलंगाजवळ वाकून अप्पांच्या पायांना हात लावला. "अप्पा, येते मी. दिवाळीला येते."

अप्पांना आता बरेच शब्द यायचे. चहा, पाणी, मामा, लाईट, नको. तिचं नावही यायचं, अर्धं. ती थांबली. त्यांनी पडद्यावरची नजर काढली नाही. डाव्या हातानं रिमोट उचलला आणि आवाज वाढवला. मग आणखी वाढवला. बँडचा आवाज खोलीत मावेना.

"अहो, पोरगी निघालीय," कावेरीबाई म्हणाल्या. त्यांनी ऐकलं नाही, किंवा ऐकलं.

शिवशंकर उठला, तिची बॅग घ्यायला लागला. "तू बस," ती म्हणाली, "त्यांच्याजवळ बस." तिनं स्वतःच बॅग उचलली, चपला घातल्या. आई दारापर्यंत आली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि हातात दशम्यांचा डबा. डबा बॅगेत बसेना, म्हणून अंबिकानं तो हातातच घेतला.

जिना उतरताना बँड ऐकू येत होता. लुंबिनीताई खालच्या दारात उभ्या होत्या. आवाज एवढा का म्हणून त्यांनी मानेनंच विचारलं. अंबिकानं डबा बगलेत धरला. ती कडेला उभ्या रिक्षात बसली आणि रिक्षावाल्याला म्हणाली, "स्टेशन."